सरड्याची धाव कुंपणापलीकडे

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण सहज म्हणतो. आज पनवेलमध्ये बसून आपण ही म्हण जरा तपासून पाहू. कारण म्हणीतला सरडा कुंपणच काय, समुद्रही ओलांडून गेला आहे.

कुंपणावर बसून मान खालीवर करणारा, विणीच्या दिवसांत ज्याच्या नराचा गळा लाल होतो, तो आपला बागेतला सरडा. शास्त्रीय नाव कॅलोटिस व्हर्सिकलर. तो आणि त्याचे जवळचे भाऊबंद मूळचे दक्षिण आणि आग्नेय आशियातले. आज ते मॉरिशस, रियुनियन, फ्लोरिडा इथेही नांदतात. मॉरिशसच्या बाजूला ते उसाच्या बेण्याबरोबर जावाहून पोचले, असे मानतात. त्याच उसासाठी एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातून मजूर मॉरिशसला गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठीपण जपतात.

मग सरडा तिथे परका की नाही? इथे आपण दोन प्रश्न वेगळे करू. एक, तो कुठून आला? दोन, आल्यावर त्याने काय केले? ‘परका’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाले. ‘घातक’ हे दुसऱ्याचे. एकाचे उत्तर मिळाले म्हणून दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही.

उदाहरण पालीचे घेऊ. भिंतीवर चुकचुकणारी, हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस नावाची पाल जहाजांतल्या मालाबरोबर जगभर गेली. हवाई बेटांवर तिने तिथल्या एका लहान पालीला घरांच्या भिंतींवरून मागे सारले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून कारण दिसले: दिव्याभोवती किडे गोळा होतात, आणि तिथे मोठी, चपळ पाल आधी पोट भरते. म्हणजे दिवा आपला, आणि फायदा तिचा. पण गंमत अशी, की ती मागे सरलेली लहान पालही हवाईची मूळची नव्हे. पॉलिनेशियन दर्यावर्दींच्या होड्यांतून ती आली, असे अभ्यासक मानतात.

आता मॉरिशस पाहा. तिथल्या नॅक्टस जातीच्या निशाचर पालींना हीच पाल महाग पडली. मुख्य बेटावरून त्या नाहीशा झाल्या, आसपासच्या छोट्या बेटांवर तेवढ्या उरल्या. त्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. पाल तीच, प्रवास तसाच, पण हानी फार वेगळी. तेव्हा हिशेब हानीचा मांडायचा, जन्मगावाचा नव्हे.

काही जण हे प्राण्यांचे शब्द उचलून माणसांना लावतात. ते आपण करू नये. माणसाशी बोलता येते, त्याच्याशी मिळून नियम ठरवता येतात. पालीशी येत नाही. म्हणून पालीच्या बाबतीत जबाबदारी सगळी आपल्यावर येते.

ती कशी, ते पनवेलपुरते सांगतो. हिरवा इग्वाना हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला सरडा आता हौसेने पाळतात. लहानपणी तळहाताएवढा, वाढला की शेपटीसकट पाच फुटांवर जातो. मादी एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त अंडी घालते. फ्लोरिडात पाळीव इग्वाने मोकळे सुटले, वाढले, आणि आता त्यांच्या बिळांनी कालव्यांचे काठ पोखरले जातात. आपली दमट, उबदार हवा त्यांना परकी वाटणार नाही.

घरात मावेना म्हणून कोणी तो ‘बिचारा, मोकळा जगू दे’ म्हणत कर्नाळ्याच्या रानात किंवा गाढी नदीकाठी सोडायला निघाला, तर त्याला थांबवा. त्याची दया एका जिवापुरती असते. किंमत तिथल्या अनेक जिवांना मोजावी लागू शकते. वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार असे विदेशी प्राणी पाळणाऱ्याने नोंदणी करायची आहे. सांभाळणे जमत नसेल, तर वनविभागाला विचारावे. आणि मुळात विकत घेण्याआधीच विचारावे, हे सगळ्यांत बरे.