समजून घ्या : रेझ्युमेत ‘अनुभव : शून्य’ का लिहायचे? एनएसएसचे २४० तास जातात कुठे?

शिबिरात खड्डे खोदले, घरोघरी सर्वेक्षण केले, रक्तदान शिबिर उभे केले. पण नोकरीच्या अर्जात एक ओळही नाही. ग्रामीण तरुणांनी स्वयंसेवेचे काम कसे मांडावे?

धुळे-सोलापूर महामार्गावरचे पाचोड राज्याला मोसंबीच्या बाजारासाठी माहीत आहे. इथल्या तरुणांचे लक्ष आता शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्याकडे आहे. बिडकीन तर पाचोडच्याच पैठण तालुक्यात येते. पदवी हातात आली की रेझ्युमे तयार होतो. नाव, शिक्षण, टक्केवारी लिहून होते आणि ‘अनुभव’ या रकान्यात ‘फ्रेशर’ असा एकच शब्द पडतो.

प्रत्यक्षात यातील अनेकांनी दोन वर्षे राष्ट्रीय सेवा योजनेत काम केलेले असते. कुणी पैठणच्या नाथषष्ठीला दिंड्यांसाठी पाणीवाटप केलेले असते, कुणी गणेश मंडळाचा हिशोब सांभाळलेला असतो. हे काम ‘छंद’ या रकान्यात ‘समाजसेवेची आवड’ एवढ्यावर संपते. इथेच संधी हुकते.

एनएसएसचा अनुभव म्हणजे नेमका किती?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधी जन्मशताब्दी वर्षात, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० असे दोन वर्षांत २४० तास काम करणे अपेक्षित असते. त्याशिवाय दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर होते. मराठवाड्यात ते ‘श्रमसंस्कार शिबिर’ म्हणून ओळखले जाते.

दिवसाचे आठ तास धरले तर २४० तास म्हणजे पूर्ण ३० दिवसांचे काम. एखाद्या कंपनीत महिनाभर इंटर्नशिप केली असती तर ती रेझ्युमेत सर्वांत वर आली असती.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा कामाला अभ्यासक्रमातही जागा मिळाली आहे. यूजीसीच्या आराखड्यानुसार समाजाशी निगडित कामाला सत्रभर आठवड्याला दोन तास दिले, तर एक क्रेडिट धरले जाते.

कंपन्या याकडे खरेच पाहतात का?

लिंक्डइनने २०११ मध्ये प्रोफाइलमध्ये स्वयंसेवेचा वेगळा रकाना दिला. त्या वेळच्या त्यांच्या पाहणीत ४१ टक्के व्यावसायिकांनी सांगितले, की उमेदवार तपासताना ते स्वयंसेवेला पगारी कामाइतकेच महत्त्व देतात.

अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने २०१३ मध्ये दहा वर्षांच्या माहितीचा अभ्यास केला. बेरोजगारांपैकी स्वयंसेवा करणाऱ्यांना नोकरी मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा २७ टक्के जास्त दिसली. ग्रामीण भागात हा फरक ५५ टक्के होता. अर्थात हे आकडे परदेशातले आहेत. स्वयंसेवेमुळेच नोकरी लागली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मुळात धडपडी माणसेच स्वयंसेवा करत असतील, हीही शक्यता आहे.

सरकारी नोकरीतही हा विषय येतो. यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सविस्तर अर्जात नेतृत्वाची पदे व इतर उपक्रमांची माहिती विचारली जाते आणि २७५ गुणांच्या मुलाखतीत त्यावर प्रश्न येऊ शकतात.

पाचोडने आधीच दिलेला धडा

पाचोडमध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ ही संस्था अनेक दशके ग्रामीण आरोग्यावर काम करते आहे. परिसरातील अविवाहित किशोरवयीन मुलींसाठी संस्थेने जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. शिकवणाऱ्या होत्या गावातच राहणाऱ्या, किमान सातवी शिकलेल्या महिला. १९९७ ते २००१ या काळात या भागातील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ वर गेले आणि या प्रयोगाचा आंतरराष्ट्रीय पातळीवर अभ्यास झाला.

‘आम्ही मुलींसाठी चांगले काम केले’ एवढेच सांगितले असते, तर ते गावाच्या वेशीबाहेर गेले नसते. कुठे, किती काळ, आधी काय होते आणि नंतर काय झाले, याची नोंद ठेवली म्हणून ते जगाला कळले. रेझ्युमेतील ओळीलाही हाच नियम लागू होतो.

ओळ कशी लिहायची?

कमकुवत ओळ : ‘एनएसएस स्वयंसेवक. समाजसेवेची आवड.’

दमदार ओळ (नमुना) : ‘एनएसएस स्वयंसेवक, दोन वर्षे, २४० तास. सात दिवसांच्या शिबिरात आठ जणांच्या गटाचा प्रमुख. ६२ घरांचे पाणी व स्वच्छता सर्वेक्षण करून माहिती एक्सेलमध्ये भरली. पाच शोषखड्डे पूर्ण केले.’

दुसऱ्या ओळीतून गट सांभाळणे, लोकांशी बोलणे, संगणकावर नोंदी ठेवणे आणि काम तडीस नेणे, या चार गोष्टी आपोआप कळतात. ‘मी मेहनती आहे’ असे वेगळे लिहावे लागत नाही.

हे लक्षात ठेवा

- जागा : फ्रेशर असाल तर शिक्षणानंतर लगेच ‘स्वयंसेवा अनुभव’ असा रकाना करा. तीन-चार वर्षे नोकरी झाली की तो दोन ओळींवर आणा.
- निवड : अर्ज ज्या पदासाठी आहे, त्याला जुळणारे काम आधी. अकाउंट्सच्या जागेसाठी मंडळाचा हिशोब, रुग्णालयातील जागेसाठी रक्तदान किंवा लसीकरण शिबिर.
- आकडे : तारखा, तास, माणसे, घरे, रक्कम. नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा.
- पुरावा : प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारूनच त्यांचे नाव संदर्भासाठी द्या.
- नोंद : १५ ते २९ वयोगटासाठी ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘मेरा युवा भारत’ हे सरकारी व्यासपीठ सुरू झाले. त्यावर नोंदणी करून उपक्रमांत सहभागी होता येते.
- राजकीय, धार्मिक काम : झेंडा किंवा घोषणा नको, जबाबदारी लिहा. ‘मिरवणुकीत सहभाग’ यापेक्षा ‘४० स्वयंसेवकांच्या पाळ्या लावल्या’ हे उपयोगी.

फुगवून लिहिले तर?

मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, ‘काय केले?’ दुसरा असतो, ‘सर्वेक्षणात काय आढळले?’ फक्त फोटोपुरते शिबिरात गेलेला उमेदवार दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो. तिथे एका ओळीमुळे संपूर्ण रेझ्युमेवरचा विश्वास जातो. विकत किंवा ओळखीने मिळवलेले प्रमाणपत्र न जोडलेलेच बरे.

स्वयंसेवेला वेळच मिळाला नाही, त्यांचे काय?

सुट्टीत रोजंदारी करून शिकणाऱ्याला किंवा घरची बाग सांभाळणाऱ्याला शिबिराला जाणे जमत नाही. त्याने ओशाळण्याचे कारण नाही. मोसंबीची तोड, मजुरांचा हिशोब, बाजारात मालाची विक्री हे सारे कामच आहे. ते ‘स्वयंसेवा’ म्हणून नव्हे, तर सरळ ‘कामाचा अनुभव’ म्हणून लिहावे, तेही वर्ष आणि जबाबदारीसह.

रेझ्युमे पाठवण्याआधी अर्धा तास काढून मागच्या तीन वर्षांत पगाराविना केलेली कामे वहीत उतरवून काढा. प्रत्येक कामापुढे एक आकडा आणि ते पाहिलेल्या एका माणसाचे नाव लिहा. ज्या कामापुढे या दोन्ही गोष्टी आल्या, ते काम रेझ्युमेत घ्या.