शिळ्या पाण्याचं काय करायचं?

मे २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्यात कलम १४४ लागलं. दंगल नव्हती की मोर्चा नव्हता. पारा ४५ अंशांच्या वर गेला होता. कामगारांना पिण्याचं पाणी आणि सावली द्या, खासगी क्लासेस भर दुपारी भरवू नका, असं जिल्हा प्रशासनानं बजावलं. अशा गावात पर्यावरणाला सोसेल असं घर कसं चालवायचं, ते पुण्या-मुंबईहून येणाऱ्या सूचनांच्या याद्यांत सापडत नाही. दात घासताना नळ बंद ठेवा, असं त्या सांगतात. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतात. बंद ठेवायला आधी ते यायला तर हवेत!

अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातलं. ‘नळ आले’ अशी हाळी गल्लीत गेली की टिल्लू पंप घरघरू लागतात आणि त्याच वेळी घराघरांत आणखी एक काम चालतं. ड्रममधलं, कोठीतलं उरलेलं पाणी मोरीत ओततात. “शिळं पानी कायले ठेवता?” हा प्रश्न घरातल्या मोठ्या बाईनं विचारला की वाद संपतो. धरणातून आणलेलं, शुद्ध केलेलं, विजेवर टाकीत चढवलेलं पाणी केवळ चार दिवस जुनं म्हणून गटारात जातं. प्यायला ताजं हवं हे मान्य. पण झाकून ठेवलेलं पाणी फरशीला, कपड्यांना, झाडांना चालतं, आणि कूलरला तर उत्तम चालतं.

कूलरचा हिशेब जरा नीट मांडायला हवा, कारण वऱ्हाडातल्या घराचा उन्हाळा त्याच्यावर निघतो. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतली जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषतं. मोठा डेझर्ट कूलर भर दुपारी तासाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज पितो. म्हणजे आठ तासांत शंभरेक लिटर. वीज मात्र लागते दीड-दोन युनिट. तेवढ्याच वेळात दीड टनाचा एसी आठ-दहा युनिटं घेतो. एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा धरला, तर सहा-सात किलो कोळसा झाला. हा कोळसा कुठं जळतो हे पाहायला लांब जायला नको, बाळापूर तालुक्यातलं पारसचं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. शिवाय एसीला पाणी लागत नाही, हाही भ्रमच. जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियमानं दिली आहे. एसी पाणी पितो, फक्त आपल्यासमोर पीत नाही.

तरीही पाण्याच्या बाबतीत कूलरच जास्त खर्चिक, हे कबूल करावं लागतं. म्हणून त्याला शिळं पाणी द्यायचं. नळाच्या आदल्या संध्याकाळी ड्रम कूलरच्या टाकीत रिकामा करावा, सकाळी रिकामा ड्रम घासून घ्यावा, मग नवं पाणी भरावं. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठवडा-दहा दिवस घेतो आणि त्याची अंडी भांड्याच्या भिंतीला चिकटून राहतात. आरोग्य विभागाचा आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ नळाच्या दिवशीच धरला, तर वेगळं पाणी सांडावं लागत नाही. कूलरची टाकीही त्यात आली.

कूलर लावतानाच्या चुका तर घरोघरी सारख्याच. खोली बंद करून तो चालवला की हवा दमट होते आणि मग ‘कूलर काही करत नाही’ म्हणून एसीची चौकशी सुरू होते. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. पश्चिमेच्या खिडकीत उन्हात टांगलेल्या कूलरवर हिरव्या जाळीची सावली केली, तर टाकीतलं पाणी तापत नाही. बोअरचं पाणी असेल, तर गवताच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो, ताटी कोरडी पडते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हा त्रास नेहमीचा. कूलरच्या तळाशी उरलेलं खारट पाणी संडासात टाकावं, तुळशीला घालू नये.

खाऱ्या पाण्याच्या धाकानं आरओ मात्र धरणाचं पाणी पिणाऱ्या घरांतही शिरला. एक लिटर गाळताना तो बहुतेक वेळा दोन-तीन लिटर पाणी वाया घालवतो. पाण्यातले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील, तर आरओची गरज नाही, अशीच भूमिका राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये घेतली. क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र आरओच्या एका सर्व्हिसिंगपेक्षा स्वस्त पडतं. आधी मोजा, मग विकत घ्या. यंत्र विकणारा हे सहसा सांगत नाही.

आता छत. धाब्याची, जाड मातीच्या भिंतींची घरं गेली आणि स्लॅब आला. तो दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत ती उष्णता खाली सोडतो. मार्चअखेरीस गच्चीवर चुन्याचे दोन हात मारणं हा सर्वांत स्वस्त इलाज. त्यानं वरच्या मजल्यावर फरक जाणवतो, आणि कूलर तेवढा कमी चालतो. गच्ची स्वतःची असेल, तर सौरपॅनेलचाही विचार व्हावा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. पॅनेलखाली स्लॅबला सावली मिळते ती वेगळीच.

कचऱ्याबद्दल फार लिहीत नाही. ओला-सुका वेगळा करा हे घंटागाडी रोज सांगते. एवढंच, की जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णा नदीत उतरले, जलकुंभी उपसली, पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं कौतुक केलं. पण जलकुंभी वाढते सांडपाण्यावर, आणि सांडपाणी येतं आपल्या मोऱ्यांतून. ताटातलं खरकटं आणि कढईतलं तेल मोरीत न सोडणं, हे त्या मोहिमेचं घरातलं काम अजून उरलंच आहे.

जूनमध्ये ढग दाटले की कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा; दमट हवेत पाण्याची फारशी वाफ होत नाही, उगाच घाम वाढतो. तेव्हा एसी लागलाच, तर १८ वर नको. २६ वर ठेवून छताचा पंखा सोबत लावावा. एक अंश वर नेला की एसीची सुमारे सहा टक्के वीज वाचते.