क्षयाने माणसं दुरावतात का?

आमच्या नात्यातल्या एका वहिनींचं ताट मला अजून आठवतं. साधं स्टीलचं, मागच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका. वहिनींना क्षय असल्याचं कळलं त्याच संध्याकाळी तो ठिपका पडला. आठवडाभरात ताट-वाटी पिशवीत घालून त्यांना माहेरी पोचवलं. "बरी झालीस की न्यायला येऊ," असं सांगितलं. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

गैरसमज : माणूस फार दिवस नजरेआड राहिलं की माया आटते.

वस्तुस्थिती : कमला आणि जवाहरलाल नेहरूंचं लग्न १९१६ सालचं. सुरुवातीच्या वर्षांत चळवळीच्या धबडग्यात आपलं बायकोकडे दुर्लक्ष झालं, असं नेहरूंनीच लिहून ठेवलं आहे. एका घरात राहूनही अंतर होतंच. पुढे कमलाबाई क्षयाने अंथरुणाला खिळल्या आणि नेहरू तुरुंगात होते. १९३४ साली, राजकारणापासून दूर राहण्याची हमी दिली तर सुटका होईल, असं सुचवलं जात होतं. नेहरूंना तेवढ्यापुरतं भेटीला आणलं, तेव्हा तापाने ग्लानीत असलेल्या कमलाबाईंनी त्यांना खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, की अशी हमी मुळीच देऊ नका. नंतर त्या भोवालीच्या आरोग्यधामात, ते अल्मोड्याच्या तुरुंगात. सप्टेंबर १९३५ मध्ये सुटका झाली आणि नेहरू जर्मनीत बाडेनवायलरला, तिथे उपचार घेत असलेल्या कमलाबाईंजवळ पोचले. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये कमलाबाई गेल्या. त्याच वर्षी आलेलं आत्मचरित्र नेहरूंनी त्यांना अर्पण केलं. इथे प्रेम टिकलं एवढंच म्हणणं मला अपुरं वाटतं. ते उमललंच मुळी या ताटातुटीच्या वर्षांत.

गैरसमज : क्षय म्हटला की महिनोन्‌महिने वेगळं ठेवावंच लागतं.

वस्तुस्थिती : औषधं नव्हती तेव्हा लोक मिरजेजवळ वानलेसवाडीसारख्या ठिकाणी आरोग्यधामात जाऊन राहत. मग १९५६ साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. घरं गरिबांची, दाटीवाटीची. तरीही घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना क्षय होण्याचं प्रमाण वाढलं नाही. हे निष्कर्ष १९५९ आणि १९६० मध्ये छापून आले. म्हणजे वहिनींना माहेरी धाडलं त्याच्या कितीतरी आधी!

क्षय हवेतून पसरतो, ताटावाटीतून नाही. योग्य औषधं सुरू झाली की साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. औषधांना दाद न देणारा क्षय असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस जपायचं. खिडक्या उघड्या ठेवायच्या, मास्क लावायचा. माणसाला घराबाहेर काढणं या उपचारात कुठेच बसत नाही.

गैरसमज : आजारी बायकोला सोडायची कायदाच मुभा देतो.

वस्तुस्थिती : हिंदू विवाह कायद्यात क्षय हे घटस्फोटाचं कारण कधीच नव्हतं. कुष्ठरोग होतं, तेही २०१९ च्या दुरुस्तीने वगळलं.

गैरसमज : प्रेम खरं असेल तर ते आपोआप टिकतं.

वस्तुस्थिती : वहिनींचा कोर्स सहा महिन्यांत पुरा झाला. सासरची माणसं न्यायला आली ती अकराव्या महिन्यात. मधल्या काळात दादांचा, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचा, फोन यायचा, पण वहिनींच्या आईला. "गोळ्या वेळेवर घेते ना?" एवढं विचारून ठेवून द्यायचे. त्यांची काळजी खोटी नव्हती, हे मी जवळून पाहिलं आहे. वहिनी मला पुष्कळ वर्षांनी म्हणाल्या, "खोकल्याची भीती नाही वाटली. फोन वाजायचा, आई उचलायची, आणि मी दारात उभी राहायची. तो माझ्यासाठी नसायचाच." दोघांचा संसार पुढे नीट झाला. पण ती वर्षभराची तेढ सुटायला फार वर्षं लागली. ठिपका वहिनींनी स्वतःच ब्लेडने खरवडून काढला.

क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तुमच्या घरची सून या आजारापायी माहेरी असेल, तर आज फोन करा आणि तो तिलाच द्यायला सांगा. मग डॉक्टरांना विचारून तिला आणायला स्वतः जा.