थंबनेलच्या पोटात

वापरकर्त्याने चढवलेला फोटो उघडायचा, छोटी प्रत काढायची, ठेवून द्यायची. वेबसाइट बनवणाऱ्या कुणालाही हे काम सुरुवातीलाच करावं लागतं आणि दोन-तीन ओळींत ते उरकतंही. जेपीईजी उलगडणं, रंगांची मांडणी बदलणं, पिक्सेल घटवणं ही खरी मेहनत कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते. त्या ‘कुणीतरी’ची निवड वेग आणि सोयींचा तक्ता मांडून होते, असा प्रोग्रामर मंडळींचा समज असतो. गेल्या तीन-साडेतीन दशकांचा मागोवा घेतला तर तक्त्याने निकाल लावल्याची उदाहरणं कमीच सापडतात. पेटंटचे वकील, परवान्यांतली बारीक अक्षरं, डेव्हलपरांच्या भाऊबंदक्या आणि कुणीतरी मधेच सोडून दिलेलं काम यांनी लावलेले निकाल जास्त.

ऑक्टोबर १९९१ मध्ये टॉम लेन यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘इंडिपेंडंट जेपीईजी ग्रुप’ने ‘लिबजेपीईजी’ची पहिली आवृत्ती खुली केली. जेपीईजीचं मानक तेव्हा अधिकृतपणे मंजूरही झालं नव्हतं. मानकाच्या कागदांत पुष्कळ पर्याय होते. जगाने वापरले ते बहुतांशी या लायब्ररीत होते तेवढेच. अ‍ॅरिथमेटिक कोडिंग हा जास्त दाबून बसवणारा प्रकार पेटंटांमुळे लेन यांच्या गटाने बाहेर ठेवला आणि प्रत्यक्ष वापरात तो बाहेरच राहिला. परवाना मात्र इतका सैल, की व्यापारी कंपन्यांनीही हा कोड बिनदिक्कत उचलला. १९९८ मध्ये ६बी ही आवृत्ती आली आणि पुढची ११ वर्षं सामसूम.

२००९ मध्ये नव्या माणसांच्या हाती सूत्रं गेल्यावर सातवी आवृत्ती आली, पाठोपाठ आठवी. पण तिला जुळवून घ्यायचं तर जुने प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणं भाग होतं. शिवाय पुढच्या आवृत्त्यांत मानकात नसलेल्या करामतीही शिरल्या. २०१० मध्ये ‘लिबजेपीईजी-टर्बो’ने उलटा रस्ता धरला: बाहेरून चेहरा ६बीचाच, आत प्रोसेसरच्या एकगठ्ठा आकडेमोडीच्या सूचना. वेग दुपटीपासून सहापटीपर्यंत. फेडोराने त्याच वर्षी तिला जागा दिली, इतर लिनक्स वितरणं यथावकाश आली. मोठा आकडा म्हणजे नवी आवृत्ती, नवी म्हणजे चांगली, हे गणित इथे चाललं नाही. इथे वेगाने काम केलं हे खरं, पण जुन्या प्रोग्रामांना धक्का लागला असता तर नुसत्या वेगाकडे कुणी पाहिलं असतं असं वाटत नाही.

जीआयएफचं प्रकरण याहून कडू. १९९४ च्या नाताळनंतरच्या आठवड्यात जीआयएफची जनक कॉम्प्युसर्व्ह आणि युनिसिस यांनी जाहीर केलं, की जीआयएफमध्ये वापरलेल्या एलझेडडब्ल्यू पद्धतीवर युनिसिसचं पेटंट आहे आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी परवाना घ्यावा. तोवर जीआयएफ सात वर्षं मुक्तपणे फिरत होता. पुढच्याच आठवड्यात थॉमस बाउटेल यांनी पर्यायी फॉरमॅटचा प्रस्ताव मांडला. त्यातून पीएनजी जन्मला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये डब्ल्यू-थ्री-सीची शिफारस झाला. हेच बाउटेल ‘जीडी’ या लायब्ररीचेही लेखक. पीएचपीत चित्रं काढायला बसलेल्या पिढीची पहिली ओळख तिच्याशीच. १९९९ मध्ये जीडीतून जीआयएफ काढून टाकला गेला. अमेरिकेतलं पेटंट जून २००३ मध्ये संपलं, इतर देशांतली पुढच्या वर्षी, आणि जुलै २००४ मध्ये जीआयएफ जीडीत परतला. मधली पाच वर्षं पीएचपीवाल्याला जीआयएफ का बनवता येत नाही, याचं उत्तर त्याच्या कोडमध्ये कुठेच नव्हतं.

ओपनसीव्हीनेही हेच भोगलं. इंटेलमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या या लायब्ररीने चेहरे ओळखण्यापासून रोबोटच्या डोळ्यांपर्यंत सगळं सामावून घेतलं. फोटोतले ठळक बिंदू हुडकणारी डेव्हिड लोव यांची ‘सिफ्ट’ पद्धत मात्र पेटंटखाली असल्यामुळे वेगळ्या कप्प्यात ठेवावी लागली. पुढे तर पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने मिळणाऱ्या तयार पॅकेजमधून ती वगळलीच गेली आणि सिफ्टसाठी ३.४.२ ही जुनी आवृत्ती धरून ठेवण्याचा सल्ला विद्यार्थी एकमेकांना देऊ लागले. मार्च २०२० मध्ये पेटंट संपलं, जुलैमधल्या ४.४.० मध्ये सिफ्ट मुख्य घरात आली.

पायथनच्या जगातली गोष्ट पेटंटांची नाही, एका माणसाची आहे. फ्रेड्रिक लुंड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘पायथन इमेजिंग लायब्ररी’ म्हणजे पीआयएल लिहिली. अतिशय नेटकी रचना: उघडा, फिरवा, कापा, जतन करा. नोव्हेंबर २००९ मध्ये १.१.७ ही आवृत्ती आली आणि ती शेवटची ठरली. पायथन ३ येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि पीआयएल त्यावर चालत नव्हती. २०१० च्या जुलैअखेर अ‍ॅलेक्स क्लार्क यांनी तिची ‘पिलो’ नावाची प्रत काढली. सुरुवातीचा हेतू अगदी मर्यादित होता: पॅकेज सुरळीत बसावं, इतकाच. मूळ लायब्ररी पुढे सरकली असती तर पिलोची गरजच उरली नसती. ती सरकली नाही. २०१३ मध्ये पिलो २.० पायथन ३ वर चालू लागली आणि वारसाहक्क आपोआप तिच्याकडे आला. आजही इन्स्टॉल करताना ‘पिलो’ म्हणायचं आणि कोडमध्ये ‘पीआयएल’ लिहायचं. नवशिक्याला हा घोळ वाटतो, पण त्यामुळेच हजारो जुने प्रोग्राम न बदलता चालत राहिले.

मराठी वाचकाला जवळचा धागा याच लायब्ररीत आहे. शाळेची प्रमाणपत्रं, वाढदिवसाची शुभेच्छापत्रं, रोजचे सुविचार यांच्या रिकाम्या चौकटीवर प्रोग्रामने नावं छापायची तर पिलो हाताशी असते. पण तिची साधी मांडणी अक्षरं एकामागोमाग एक ठेवत जाते. रोमन लिपीला ते पुरतं. देवनागरीत ‘किरण’मधली वेलांटी क सोडून पुढच्या र च्या डोक्यावर जाते, ‘सूर्य’मधला रफार उतरून पाय मोडलेला र होतो, ‘विठ्ठल’मधले दोन ठ वेगळे उभे राहतात. फॉन्ट बदलून काही होत नाही, कारण चूक फॉन्टची नसतेच. जोडाक्षरांचा आकार ठरवण्याचं काम हार्फबझसारख्या वेगळ्या लायब्ररीचं आहे. तिला जोडून देणाऱ्या ‘राक्म’ची सोय पिलोत २०१७ साली, ४.२.० मध्ये आली. तयार पॅकेजांत राक्म सोबत येऊ लागली ती २०२१ मध्ये, ८.२.० पासून. ओपनसीव्हीच्या नेहमीच्या अक्षरलेखनाच्या फंक्शनला तर देवनागरी दिली की तिथे ओळीने प्रश्नचिन्हं उमटतात. वेगाच्या कुठल्याही तक्त्यात या रकान्याला जागा नसते, आणि मराठी मजकूर छापणाऱ्याची निवड मात्र याच एका रकान्यावर व्हायला हवी.

व्हिडिओकडे वळलं की एफएफएमपेग टाळता येत नाही. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प जवळपास प्रत्येक प्लेअर आणि व्हिडिओ-साइटच्या मुळाशी आहे. २०११ च्या जानेवारीत कामाच्या शिस्तीवरून आणि मिखाएल नीडरमायर यांच्या नेतृत्वावरून त्यात फूट पडली. वेगळ्या झालेल्या गटाने मार्चमध्ये ‘लिबएव्ही’ नाव घेतलं. डेबियनमध्ये हे पॅकेज सांभाळणारी मंडळी याच गटाकडची, त्यामुळे डेबियन आणि उबंटूमध्ये लिबएव्ही आली. उबंटूवर ‘एफएफएमपेग’ टाइप करणाऱ्याला मग सूचना दिसे, की हा प्रोग्राम आता विकसित होत नाही, ‘एव्हीकॉन्व’ वापरा. खरा एफएफएमपेग तेव्हा जोमात होता. बिचाऱ्या वापरणाऱ्याला यातल्या भांडणाची गंधवार्ताही नसे. त्याने ती सूचना खरी मानली.

नीडरमायर यांनी यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. लिबएव्हीत झालेले बदल ते सतत आपल्याकडे ओढून घेत राहिले. परिणामी एफएफएमपेगमध्ये दोन्हींकडचं सगळं, लिबएव्हीत फक्त स्वतःचं. जानेवारी २०१४ मध्ये गूगलच्या दोन अभियंत्यांनी दोन वर्षांच्या तपासणीचा लेखाजोखा मांडला: बिघडवलेल्या फाइली मुद्दाम चारून सापडलेल्या दोषांवर एफएफएमपेगमध्ये हजारावर दुरुस्त्या झाल्या होत्या, लिबएव्हीत त्यांच्या निम्म्याही नाहीत. जुलै २०१५ मध्ये डेबियन एफएफएमपेगकडे परतलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी नीडरमायर यांनी नेतृत्व सोडलं.

एफएफएमपेगचा परवानाही दुधारी आहे. मुळात तो एलजीपीएल. पण एक्स२६४ हा लोकप्रिय एन्कोडर जोडला की सगळ्या गाठोड्याला त्याहून कडक जीपीएल लागू होतो. जीपीएलचा चटका काय असतो ते व्हीएलसी या प्लेअरने अनुभवलं. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरच्या अटी या परवान्याशी जुळत नाहीत अशी तक्रार त्याच्याच एका डेव्हलपरने केल्यावर जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी आयफोनवरून गेला. गाभ्याचा परवाना बदलण्यासाठी शेकडो लेखकांच्या संमतीचा खटाटोप झाला, तेव्हा कुठे २०१३ मध्ये तो परतला.

इमेजमॅजिकची अडचण तिच्या उदारपणात होती. जॉन क्रिस्टी यांनी ड्युपाँमध्ये लिहायला घेतलेली आणि १९९० मध्ये खुली झालेली ही लायब्ररी शंभरावर फॉरमॅट खाते. फाइलच्या नावात जेपीजी असलं तरी आत डोकावून खरा प्रकार ओळखते आणि स्वतःला न जमणारं काम बाहेरच्या प्रोग्रामांवर सोपवते. मे २०१६ मध्ये उघड झालेल्या ‘इमेजट्रॅजिक’ दोषाने हीच सोय उलटवली: फोटोच्या नावाखाली पाठवलेल्या मजकुरातली आज्ञा सर्व्हरच्या शेलमध्ये चालू लागली. प्रोफाइल-फोटो घेणारी असंख्य संकेतस्थळं एका झटक्यात उघडी पडली. फेसबुकवर हाच दोष दाखवणाऱ्याला ४० हजार डॉलरचं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी याहूचे फोटो हाताळणाऱ्या सर्व्हरमधून इमेजमॅजिकच्याच आणखी एका चुकीमुळे इतरांच्या चित्रांचे अवशेष पाझरताना सापडले आणि याहूने ही लायब्ररीच काढून टाकली. तीच चूक २००२ मध्ये वेगळ्या झालेल्या ग्राफिक्समॅजिकमध्ये वर्षभर आधी दुरुस्त झाली होती. दोन घरं एकमेकांशी बोलत नसली की असं होतं.

याच सुमारास एक जुनं नाव नव्याने ऐकू येऊ लागलं. ‘लिबविप्स’चा उगम १९८९ सालचा, तोही चित्रसंग्रहालयातला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली तैलचित्रं प्रचंड बारकाव्याने टिपण्याच्या युरोपीय ‘वसारी’ प्रकल्पासाठी ती लिहिली गेली. चित्र अवाढव्य आणि संगणकाची मेमरी इवलीशी, म्हणून अख्खं चित्र मेमरीत न घेता लागेल तेवढी पट्टी ओढून काम करायची रीत तिच्यात आली. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी एकाच वेळी शेकडो मोबाइल-फोटो झेलणाऱ्या सर्व्हरांना नेमकी हीच काटकसर हवी होती. २०१३ मध्ये नोडसाठी तिच्यावर ‘शार्प’ उभी राहिली आणि डिसेंबर २०२१ मधल्या रेल्स ७ ने नव्या प्रकल्पांसाठी इमेजमॅजिकऐवजी विप्सला पसंती दिली.

मग २०२३ आलं. १ जुलैला आलेल्या पिलो १०.० मधून ‘अँटीअलायस’ हे जुनं नाव हटवण्यात आलं. फोटो लहान करताना ते लिहायची सवय वर्षानुवर्षांची. पर्यायी नाव ‘लँक्झोस’ २०१५ पासून होतं, वर्षभर आधीपासून इशारेही येत होते, पण चालत्या कोडला हात कोण लावतो? प्रोग्राम धडाधड पडू लागले. बऱ्याच जणांनी कोड दुरुस्त करण्याऐवजी आवृत्ती ९.५ वर बांधून ठेवली आणि विषय मिटवला.

सप्टेंबरात गूगलच्या वेबपी फॉरमॅटची लायब्ररी, लिबवेबपी, हिच्यात घातक दोष निघाला. अ‍ॅपल आणि टोरांटोच्या सिटिझन लॅबने तो कळवला होता. त्याच दिवसांत चित्रांतून आयफोनवर पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवण्याचा प्रकार सिटिझन लॅबने उजेडात आणला होता. गूगलने आधी हा दोष फक्त क्रोमचा म्हणून नोंदवला. मग ध्यानात आलं, की ही लायब्ररी फायरफॉक्समध्ये आहे, इलेक्ट्रॉनवर बनलेल्या ढीगभर अ‍ॅप्समध्ये आहे, आणि पिलोच्या तयार पॅकेजातही तिची प्रत बांधलेली असते. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली तरी पॅकेजातली ही प्रत जुनीच राहते. पिलोने आठवडाभरात दुरुस्त लिबवेबपी बांधलेली आवृत्ती काढली. तिचा क्रमांक १०.०.१ होता; ९.५ साठी वेगळी दुरुस्ती निघाली नाही.