मागे घेतलेला शोधनिबंध

काही दिवसांपूर्वी एक तरुण माता दीड वर्षाच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. गोवर-रुबेला लसीची दुसरी मात्रा द्यावयाची होती. तिने पर्समधून झेरॉक्सची पाने काढून टेबलावर ठेवली. “डॉक्टर, या लसीनं ऑटिझम होतो असं यात आहे. आणि हे व्हॉट्सॲपवरचं नाही, ‘लॅन्सेट’मधलं आहे.”

पाने अस्सल होती. लंडनहून १८२३ पासून निघणाऱ्या या साप्ताहिकाच्या २८ फेब्रुवारी १९९८ च्या अंकात अँड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांचा तो निबंध आला होता. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लसीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असे त्यात सुचवले होते. तेही अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणावरून. ब्रिटनमध्ये पालकांनी लसीकडे पाठ फिरवली आणि गोवर परतला. २ फेब्रुवारी २०१० रोजी ‘लॅन्सेट’ने तो निबंध पूर्णपणे मागे घेतला. झेरॉक्सवर अर्थातच यातले काही नव्हते.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना नियतकालिके म्हणजे ग्रंथालयातील कापडी बांधणीचे खंड. परदेशी अंक उशिरा येत, कधी येतच नसत. हवा तो निबंध ‘इंडेक्स मेडिकस’च्या जाडजूड सूचीत शोधायचा आणि प्रतीसाठी लेखकालाच पोस्टकार्ड पाठवायचे! चूक झालीच, तर दुरुस्ती पुढच्या एखाद्या अंकाच्या कोपऱ्यात छापली जाई. जुना खंड मात्र कपाटात तसाच, पूर्वीच्याच आत्मविश्वासाने उभा.

नव्वदच्या दशकात ही नियतकालिके इंटरनेटवर आली. १९९७ पासून ‘पबमेड’ ही सूची सर्वांना विनामूल्य खुली झाली. अनेक निबंध आजही पैसे भरल्याखेरीज उघडत नाहीत, हे मला खटकते. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही याच मार्गाने बोकाळली. परंतु एक मोठी सोय झाली : निबंध आणि त्यावरचा निवाडा आता एकाच ठिकाणी सापडतात.

मे २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा एक निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. जगभरच्या संशोधकांनी त्यातील आकडेवारीवर शंका घेतली आणि १३ दिवसांत तो मागे घेतला गेला. वेकफिल्ड प्रकरणी १२ वर्षे लागली होती. वेगाचे सारे श्रेय संगणकाला देता येणार नाही; पण वाचणारे डोळे वाढले, हे खरे.

मी संगणकाचा पडदा त्या मातेकडे वळवला आणि तोच निबंध उघडला. प्रत्येक पानावर लाल अक्षरांत ‘रिट्रॅक्टेड’, म्हणजे ‘मागे घेतला’, असा शिक्का होता. ‘पबमेड’मध्येही त्या नोंदीसोबत तशीच सूचना असते. “संशोधन सांगते” असा मजकूर आपल्याकडे आला, तर त्याची प्रत न पाहता मूळ पानच उघडून पाहावे.

“मग ठेवलाय कशाला अजून? काढून का टाकत नाहीत?” तिने विचारले. प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “काढून टाकला, तर जगात तुमच्या हातातल्या कागदासारख्या प्रतीच उरतील, आणि त्यांवर शिक्का नाही.”

तिने त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला. घरी बोलून येते म्हणाली. चौथ्या दिवशी आली, सोबत सासूबाईही होत्या. लस दिली. मूल रडले, थोडा वेळ.