मोबाईलचा कायदाही शिकू द्या

अंबरनाथ पूर्वेची माझी एक माजी विद्यार्थिनी बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएलबीला आहे. ऐच्छिक विषयांत तिला सायबर कायदा घ्यायचाय. तिच्या अम्मी काळजीने म्हणाल्या, "टीचर, वकिलीच करायची, तर हे कशाला?"

मी त्यांना पालघरची आठवण दिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून तिथल्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त 'लाइक' केलं होतं! लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं. त्याविरुद्ध श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं, तेव्हा ती स्वतः कायदा शिकत होती.

आज घरगुती भांडणातही व्हॉट्सअॅपचे मेसेज पुढे येतात. असा पुरावा न्यायालयात द्यायचा, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ते कसं जोडायचं, हे वकिलाला ठाऊक हवं.

सनद पदवीवरच मिळते, हे खरं. म्हणून मूळ विषय कच्चे ठेवून चालणार नाही. पण पदवीसोबतच हे शिकलेली मुलगी उद्या अशाच एखाद्या घाबरलेल्या मुलीच्या बाजूने उभी राहील.

अम्मी म्हणाल्या, "मग घेऊ दे."