पोरक्या मुलांचा सांभाळ आणि सरकारी साहाय्य

संत योसेफ हा प्रभू येशूचा पालकपिता. देवाने हाती सोपविलेले बालक त्याने सुतारकीच्या कष्टांवर वाढविले. आमच्या निपाणी-बेळगावकडील खेड्यांतही असे पालक पुष्कळ आहेत. आईबाप देवाघरी गेल्यावर लेकराला आपल्या घरी आणणाऱ्या आजीला, मामाला, काकीला कोणी हार घालीत नाही. त्यांची तशी अपेक्षाही नसते.

अशीच एक आजी विड्या वळून दोन नातवंडांना सांभाळते. सरकारकडून मदत मिळू शकेल, असे सुचविताच ती घाबरली. "फादर, सरकारात नाव लिहिलं, तर पोरांना उचलून आश्रमात नेतील की हो!" हे भय अनेकांच्या मनात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वस्तुस्थिती उलट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा साहाय्याची तरतूद आहे, ती मूल संस्थेत न जाता आपल्याच माणसांत वाढावे म्हणून. 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या नियमांनुसार एका मुलामागे दरमहा ४,००० रुपये देण्याची सोय आहे. नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले, तसेच विधवा व परित्यक्ता मातांची मुले तीस पात्र ठरतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न खेड्यात ७२,००० व अन्यत्र ९६,००० रुपयांहून अधिक नसावे. मूल अठरा वर्षांचे झाले की मदत थांबते; शाळा सोडली तरीही थांबू शकते.

येथे सीमाभागातील एक घोटाळा ध्यानी घ्यावा. कागल-कोल्हापूरकडील सोयरे महाराष्ट्राच्या बाल संगोपन योजनेची माहिती देतात. २०२३ साली तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली, हे खरे. परंतु ती त्या राज्यातील मुलांसाठी आहे. सरकार भाषा पाहत नाही, राहते घर पाहते. निपाणी, चिकोडी, खानापूरकडील कुटुंबांनी बेळगावच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडेच अर्ज करावा. वाट सापडत नसेल, तर १०९८ या क्रमांकावर विचारावे.

मुलाचा जन्मदाखला, आईबापांचा मृत्युदाखला, नाडकचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, आधार व बँकेचे पुस्तक हाती ठेवावे. चौकशी होऊन समितीची मान्यता लागते. अर्ज केला म्हणजे पैसे आलेच, असे नव्हे. मात्र मध्यस्थाला एक पैसाही देऊ नये.

प्रिय धर्मबंधूंनो, हे पैसे मुलाच्या वाट्याचे आहेत. त्यांतून घराचे पत्रे बदलू नयेत की सणही साजरा करू नये. आणि ज्यांना कन्नड वाचता येते, त्यांनी आपल्या आळीतील अशा एखाद्या आजीचा अर्ज भरून द्यावा, तिच्यासोबत कचेरीत जावे. अनाथ व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे ही शुद्ध भक्ती होय, असे संत याकोबाची शिकवण आहे. ती भक्ती कधी मिस्सेत घडते, तर कधी नाडकचेरीच्या रांगेतही.